ती आली तर तुम्हीही

कार्डिफच्या उत्तरेला, डोंगरांमधून वर जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं कॉलेज आहे. गेली बारा वर्षं मी तिथे सोळा ते अठराच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. कोच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोर्टच्या कडेला हात उंचावून ओरडणारं कुणीतरी येतं. माझा दिवस तसा नसतो. भिंतीला दुमडून ठेवलेले बास्केटचे हूप हँडल फिरवून खाली घ्यायचे, छत गळतं त्या कोपऱ्यात टॉवेल टाकायचा, मॅच बाहेर असेल तर मिनीबस चालवायची, परत आल्यावर घामेजलेल्या जर्सी पिशवीत भरून घरी धुवायला न्यायच्या. बरोबर सहाला बॅडमिंटनवाले नेट घेऊन दारात उभे राहतात. काही बोलत नाहीत, नुसते उभे राहतात. वेल्समधली माणसं फार सभ्य असतात, पण त्या उभं राहण्यात सगळं येतं. मग आम्ही खेळ मध्येच सोडून बॉल गोळा करायला लागतो.

मी नागपूरची. आमच्या भागात संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टवर मुली खेळायच्या आणि घरच्यांना त्यात विशेष काही वाटायचं नाही. मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होते. लग्नानंतर नवऱ्याला कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. तो भूलतज्ज्ञ आहे. त्याच्या व्हिसावर मी आले, पहिली दोन वर्षं मुलगी सांभाळली, मग इथले कोचिंगचे कोर्स एकामागून एक केले. बहुतेक कोर्सना मी एकटीच बाई असायचे. कॉलेजने आठवड्यातून तीन दिवस शिकवायला घेतलं आणि बास्केटबॉलची टीम वर चिकटवली. तेव्हा ते तात्पुरतं वाटलं होतं. दोन-तीन वर्षं इथे काढू, मग एखाद्या मोठ्या विद्यापीठात, जिथे फक्त कोचिंगच करायचं असतं तिथे जाऊ, असा हिशोब होता.

दोनदा मोठ्या ठिकाणी इंटरव्ह्यूही झाले. दोन्ही वेळा शेवटच्या दोघांत होते. दोन्ही वेळा फोनवर आधी माझं कौतुक झालं. मुलींशी माझं नातं किती छान आहे, कमी साधनांत मी किती केलं आहे, वगैरे. मग कळलं की त्यांना वरच्या पातळीचा अनुभव असलेलं कुणीतरी हवं होतं. तो अनुभव त्या नोकरीशिवाय मिळत नाही आणि ती नोकरी त्या अनुभवाशिवाय मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. थँक यू म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी हूप खाली घेतले. दुसऱ्या नकाराच्या वेळी मी सेहेचाळीसची होते.

त्यानंतरच्या वर्षी ती मुलगी आली.

तिचे वडील बस चालवायचे, आई एका शाळेच्या किचनमध्ये होती. ती सहा फुटांच्या जवळपास उंच, डावखुरी, आणि उंच मुली जशा खांदे पाडून चालतात तशी चालायची. खेळताना मात्र तिचे खांदे सरळ व्हायचे. तिला कोर्ट दिसायचं. हे शिकवून येत नाही. दोघी अंगावर आलेल्या असताना ती न बघता डाव्या हाताने पास द्यायची आणि तिथे आमच्या टीमची मुलगी असायचीच. पहिल्या दिवशी ते बघून मी मनात नागपुरी बोलले. ही पोट्टी वेगळी आहे, असं काहीतरी. फार वर्षांत मी स्वतःशी तसं बोलले नव्हते.

तिला व्हायचं होतं रेडिओग्राफर. तेरा वर्षांची असताना तिचं मनगट मोडलं होतं. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी तिला स्क्रीनजवळ बोलावून तिचंच हाड दाखवलं, कुठे मोडलंय आणि ते कसं जुळेल ते समजावून सांगितलं. ते तिच्या डोक्यात बसलं. हे तिने मला मिनीबसमध्ये माझ्या शेजारी बसून सांगितलं होतं. कार्डिफमध्येच तो कोर्स होता, घरून जाऊन-येऊन करता आला असता, आणि अर्जात तिने पहिली पसंती त्यालाच दिली होती.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत मिडलंड्समधल्या, बर्मिंगहॅमजवळच्या एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस आमची मॅच बघायला आला. तिथल्या बास्केटबॉल विभागाचा प्रमुख. चाळिशीचा, नीट बोलणारा, ट्रॅकसूटवर विद्यापीठाचा बिल्ला. मॅच संपल्यावर तो आधी तिच्याशी बोलला, मग माझ्यासोबत पार्किंगपर्यंत आला. पाऊस नव्हता पण हवा ओली होती. ती थोड्या अंतरावर भिंतीला टेकून वडिलांची वाट बघत होती. तो म्हणाला, आम्ही तिला स्कॉलरशिप देऊ. रेडिओग्राफी आमच्याकडे नाही, पण स्पोर्ट्स मॅनेजमेंटला ती सहज बसेल. मग म्हणाला की त्यांच्या महिला संघाला येत्या सीझनपासून पूर्ण वेळ असिस्टंट कोच हवा आहे, आणि माझा जुना अर्ज त्याने वाचला आहे.

"आम्हाला अशी व्यक्ती हवी आहे जिच्यामुळे चांगल्या मुली आमच्याकडे येतील," तो म्हणाला. "ती आली तर तुम्हीही आलात असं समजा."

हे लाच दिल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तो सरळ बोलत होता. त्या धंद्यात असंच चालतं हे मलाही माहीत होतं. कोचची किंमत त्याच्यामागून कोण येतं यावर ठरते. मी म्हणाले, मी बोलते तिच्याशी. तेव्हाच मला तिला सगळं सांगता आलं असतं. ती तीस पावलांवर होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो खुश झाला. माझ्या दोन नकारांच्या वेळी घरात काय वातावरण होतं ते त्याने बघितलं होतं. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत त्याच्या कामाला कायम मागणी असते, तेव्हा त्याची अडचण नव्हती. आमची मुलगी पंधराची होती. ती म्हणाली, "मी नाही येणार. माझा सगळा फ्रेंड्स इथे आहे." तिच्या मराठीला मी एरवी दुरुस्त करते. त्या दिवशी केलं नाही. मी बर्मिंगहॅमच्या शाळा बघायला लागले होते.

मार्चमध्ये त्या विद्यापीठाच्या ओपन डेला, म्हणजे नव्या मुलांना सगळं दाखवतात त्या दिवशी, मीच त्या डावखुऱ्या मुलीला माझ्या गाडीतून घेऊन गेले. तिच्या वडिलांची ड्यूटी होती. त्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि मी आधी खाली बघितलं. खरं लाकडी फ्लोअर, एवढं स्वच्छ की दिवे त्यात दिसत होते. सहा हूप, कायमचे खाली. फिजिओची वेगळी खोली, व्हिडिओ बघायला वेगळी खोली, तिथे भिंतभर स्क्रीन. तिथली असिस्टंट कोच, जी सोडून जाणार होती, मला म्हणाली की इथे बॉलमध्ये हवा भरण्याचं कामसुद्धा आपल्याला करावं लागत नाही. मी हसले. मला रडू आलं असतं. एका रिकाम्या ऑफिसात दोन टेबलं होती, खिडकीतून कोर्ट दिसत होतं. त्या खिडकीपाशी मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

ती शांतपणे सगळं बघत होती. प्रश्न विचारले तेही दोनच. इथून घरी जायला किती वेळ लागतो, आणि कोर्स मध्येच बदलता येतो का.

परतताना मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यावर, आम्ही थांबलो. तिने चिप्स घेतल्या, मी चहा. दुपारचे चार वाजले होते. शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी बाळ रडत होतं. ती चिप्सच्या डब्याकडे बघत म्हणाली, "कोच, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुझ्या जागी नाहीये," मी म्हणाले. "निर्णय तुझाच असायला हवा. पण असं कोर्ट पुन्हा पुन्हा मिळत नाही."

पहिली दोन वाक्यं कुठल्याही चांगल्या कोचची होती. तिसरं माझं होतं. त्या वेळी मला ते कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. मी चहा प्यायले आणि आम्ही निघालो.

दोन आठवड्यांनी तिने अर्जातली पहिली पसंती बदलायचं ठरवलं. मला तसं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा आनंदी होता की नुसताच सुटल्यासारखा, ते मी बघितलं नाही. मी तिच्या पाठीवर थाप मारली. त्या माणसाचा ईमेल आला. इंटरव्ह्यू म्हणून नाही, नुसत्या गप्पा मारायला म्हणून कधी येता येईल असं विचारलं होतं. मी तारीख कळवली. रात्री मला छान झोप लागत होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लागत होती.

मग एका बुधवारी तिची आई कॉलेजमध्ये मला भेटायला आली. मी तिला त्याआधी दोनदाच बघितलं होतं. शाळेतलं काम संपवून थेट आली होती, केसांवर जाळी राहिली होती, ती तिने बोलताना काढून खिशात कोंबली. हॉलच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. ती म्हणाली की मुलीने एक्स-रेचं सोडलं याचं घरी थोडं वाईट वाटलं, कारण पाच वर्षं तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. तिच्या बाबांना तर अजून पटलेलं नाही. शाळेतले, विद्यापीठातले, सगळेच आपापलं गिऱ्हाईक बघतात, तेव्हा कुणाचं ऐकायचं ते कळत नाही.

"तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," ती म्हणाली. "तुम्हाला यातून काही मिळायचं नाहीये. तुम्ही सांगताय म्हणजे तिच्या भल्याचंच असणार."

तिने माझा हात हातात घेऊन दाबला आणि बस पकडायला गेली. मी बाकावर बसून राहिले. मुली आत बॉल आपटत होत्या. मला आत जाऊन शिट्टी वाजवायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दिवसाची प्रॅक्टिस मी कशी घेतली ते मला आठवत नाही.

घरी नवरा स्वयंपाकघरात लसूण सोलत होता. मी त्याला आईचं बोलणं सांगितलं. त्याने हातातली पाकळी सोलून ठेवली. मग म्हणाला की मी काही चुकीचं केलेलं नाही, त्या मुलीला तिथेही चांगलं आयुष्य मिळेल, आणि एवढ्या वर्षांनंतर मलाही काही मिळायला हवंच. सगळं खरं होतं. मी विचारलं, मग मी तिच्या आईला तिथेच का सांगितलं नाही? तो लसणाची सालं गोळा करायला लागला. तो पेशंटला झोपवणारा माणूस आहे, उगीच काहीतरी बोलायची त्याला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला प्रॅक्टिसच्या अर्धा तास आधी बोलावलं. ती आली, बूट बांधले आणि एकटीच फ्री थ्रो मारायला लागली. मी हूपखाली उभी राहून बॉल परत देत होते. तसंच उभं राहून मी सांगितलं. ती तिथे गेली तर मला तिथे नोकरी आहे. ती नाही गेली तर बहुतेक नाही. म्हणून तिने मला विचारायला नको होतं आणि मी उत्तर द्यायला नको होतं.

ती बॉल हातात धरून थांबली.

"कधीपासून माहीत होतं?"

"तो मॅच बघायला आला होता त्या दिवसापासून."

"म्हणजे सर्व्हिसेसमध्ये माहीत होतं."

"हो."

तिने आणखी एक फ्री थ्रो मारला. तो गेला. जाळीतून खाली पडून बॉल लांब घरंगळला आणि आम्ही दोघींनीही तो आणला नाही.

"आता मी हो म्हटलं तर ते तुमच्यासाठी होईल," ती म्हणाली, "आणि नाही म्हटलं तर तुमच्यावरच्या रागाने. मला स्वतःला काय पाहिजे ते कळायला तुम्ही जागाच ठेवली नाही, कोच."

अठरा वर्षांची होती. आवाज चढवला नाही. बॅग घेतली आणि दुसऱ्या मुली आत येत होत्या त्यांच्यामधून निघून गेली. खरं सांगून टाकलं की मोकळं वाटतं अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. माझ्या पाठीवरचं ओझं मी तिच्या पाठीवर ठेवलं होतं, एवढंच.

आठवडाभर ती आली नाही. त्यात आमची क्वार्टर फायनल होती. ती मॅच आम्ही मोठ्या फरकाने हरलो. मुलींनी मिनीबसमध्ये मला विचारलं की ती कुठे आहे, आणि मी म्हणाले की तिला बरं नाहीये. हे आणखी एक खोटं.

मग तिचा मेसेज आला. मी कार्डिफलाच जाते आहे. बाकी काही नाही. मी उत्तरात लिहिलं, तुझं अभिनंदन. ते पाठवायच्या आधी चार वेळा खोडलं, आणि शेवटी तेच पाठवलं कारण दुसरं सुचलं नाही.

मी त्या माणसाला स्वतः फोन केला. तो म्हणाला की अर्थातच तिच्या निर्णयाचा आदर आहे. माझ्या जागेबद्दल त्याने काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ठरलेल्या गप्पा पुढे ढकलल्याचा ईमेल आला आणि पुढची तारीख कधी आली नाही. उन्हाळ्यात कळलं की ती जागा एका माणसाला मिळाली. तो पूर्व युरोपातून दोन उंच मुली घेऊन आला होता. मला त्याचा राग आला नाही. तो त्याचं काम नीट करत होता.

मी फोन केला त्या संध्याकाळी नवरा एवढंच म्हणाला की सांगायचंच होतं तर पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंस, नाहीतर कधीच नाही. हे त्याने दुखवायला म्हटलं नाही, आणि मी त्यावर बरेच महिने विचार केला. मला अजून वाटतं की तो अर्धा बरोबर आहे. पण कुठला अर्धा, ते काही ठरत नाही. आमची मुलगी मात्र उघडपणे खुश होती. तिने त्या रविवारी मला न सांगता पॅनकेक केले.

लीगच्या शेवटच्या दोन मॅचना ती परत आली. चांगली खेळली. मला कोच म्हणत होती, सूचना ऐकत होती, पण मिनीबसमध्ये मागे बसली. निरोपाच्या दिवशी टीमने मला कार्ड दिलं. त्यावर सगळ्यांनी काही ना काही लिहिलं होतं. तिने नुसती सही केली होती.

त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. मी तिथेच आहे. मधे एकदा लंडनच्या बाजूला एका विद्यापीठाची जाहिरात आली होती, ईलिंगच्या जवळ. तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने लिंक पाठवली आणि आपल्याच शेजारी घर घे म्हणाली. मी जाहिरात शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या ओळींत लिहिलं होतं की उमेदवाराकडे खेळाडू आणण्याचं स्वतःचं जाळं असावं. मी मैत्रिणीला लिहिलं की मुलीची ए-लेव्हलची परीक्षा आहे, या वर्षी नको. तेही खरं होतं.

गेल्या महिन्यात ती मला सुपरमार्केटमध्ये भेटली. दुधाच्या फ्रिजपाशी. मी तिला आधी ओळखलं नाही. कोटाखाली हॉस्पिटलचा युनिफॉर्म होता, केस कापलेले होते आणि खांदे सरळ होते. तिनेच हाक मारली. तिला नोकरी लागून तीन महिने झाले होते. माझ्या नवऱ्याच्याच हॉस्पिटलमध्ये, पण त्याची तिची गाठ पडत नाही. मी विचारलं काम कसं आहे. ती म्हणाली दमायला होतं, पण चांगलं आहे. मुलं आली की ती त्यांना स्क्रीनजवळ बोलावून त्यांचं हाड दाखवते, पण गर्दी असली की ते जमत नाही, आणि गर्दी रोजच असते.

मी विचारलं, खेळतेस ना?

पहिल्या वर्षी एका क्लबकडून खेळत होती, ती म्हणाली. मग कोर्समधल्या हॉस्पिटलच्या प्लेसमेंट सुरू झाल्या आणि सोडलं. मी म्हणाले, आता नोकरी लागली, परत सुरू करता येईल. आमच्याकडे बुधवारी जुन्या मुली येतात.

"नाही, कोच," ती म्हणाली. "मला त्याची फारशी आठवणही येत नाही." मग माझ्याकडे बघून जरा हळू बोलली. "तुम्हाला वाईट वाटतं का?"

"छे," मी म्हणाले. "मुळीच नाही."

तिने मान डोलावली. मला वाटतं तिला ते खोटं कळलं असावं, पण तिने ते तसंच राहू दिलं. मग आईबद्दल थोडं बोललो. आईचे गुडघे दुखतात, वडील पुढच्या वर्षी रिटायर होतात. आम्ही बोलत बोलत बिलाच्या काउंटरपर्यंत आलो. लाइन मोठी होती. तिच्या हातात दूध आणि एक सँडविच होतं, आणि दोनला तिची शिफ्ट सुरू होत होती. माझी ट्रॉली भरलेली होती, म्हणून मी तिला म्हणाले, तू हो पुढे.